जुन्या पोर्शेमधील बिघडलेले हवामान

जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या त्सुफेनहाउझेन या उपनगरात तयार झालेली आणि जाणकारांमध्ये ‘९६४’ या कारखानी क्रमांकाने ओळखली जाणारी पोर्शे ९११ ही गाडी आज तीस वर्षांची होऊन गेली असली, तरी तिचे इंजिन अजूनही पहिल्या सेल्फला चालू होते आणि डोंगराळ रस्त्यावर तिची पकड आजच्या पुष्कळ नव्या गाड्यांना लाजविते; परंतु तिच्या मालकास एकाच प्रश्नाने खिन्न करावयाचे असेल, तर आतला एअर कंडिशनर चालतो काय, एवढेच विचारावे. १९८९ ते १९९४ या मॉडेल-वर्षांत विकल्या गेलेल्या या गाडीचे, आणि तिच्यामागून १९९८ पर्यंत चाललेल्या ‘९९३’ या तिच्या वारसदाराचेही, हे सनातन दुखणे होय. त्याचा उलगडा करताना जी तपासपद्धती हाती लागते ती केवळ धनिकांच्या खेळण्यापुरती नाही. स्वयंचलित वातानुकूलन असलेल्या कोणत्याही जुन्या मोटारीस ती लागू पडते, म्हणून ती सविस्तर सांगण्याचे योजिले आहे.

मोटारीत हवा गार करण्याची सोय अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये प्रथम देऊ केली, आणि तापमान एकदा ठरवून दिले की पुढची उठाठेव यंत्राने आपणच करावी ही कल्पना कॅडिलॅकने १९६४ मध्ये प्रत्यक्षात आणली. क्रीडा-मोटारींच्या कारखानदारांनी या सुखसोयीकडे दीर्घकाळ तुच्छतेनेच पाहिले. वेगाने धावणाऱ्या गाडीत खिडकी उघडली की वारा येतो, त्यावर आणखी काय हवे, असा त्यांचा खाक्या होता! पोर्शेच्या बाबतीत तर एक मूलभूत अडचणही होती. इतर गाड्यांत इंजिनाभोवती खेळणारे गरम पाणीच पुढे एका लहान रेडिएटरमधून फिरवून आतली हवा तापविली जाते. परंतु या ९११ चे इंजिन हवेने थंड होणारे, त्यातून ते गाडीच्या पार मागच्या टोकाला बसविलेले, त्यामुळे पाणी मुळातच नाही. यास्तव एक्झॉस्टच्या नळ्यांभोवती पत्र्याचे कवच बसवून, त्यातून खेळविलेली हवा दोन्ही बाजूंच्या उंबरठ्यांतील पोकळीतून पुढे आणावयाची, तेथे ती बाहेरच्या ताज्या हवेत मिसळावयाची आणि मग प्रवाशाच्या पायांवर सोडावयाची, अशी योजना करण्यात आली. गार हवेची मांडणीही तशीच लांबलचक आहे: कॉम्प्रेसर मागे इंजिनाजवळ, कंडेन्सर पुढच्या डाव्या चाकाच्या मडगार्डात, कूलिंग कॉइल पुढच्या झाकणाखाली, आणि या सर्वांना जोडणाऱ्या रबरी नळ्या गाडीच्या लांबीइतक्या.

हा सगळा पसारा डॅशबोर्डात बसविलेल्या एका इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या अंमलाखाली आहे. त्याचा कारभार जुन्या काळच्या मामलेदार कचेरीसारखा चालतो: मामलेदार स्वतः गावात जात नाही, पाटील-कुलकर्ण्यांनी पाठविलेल्या हकिकतीवर विसंबून तो हुकूम काढतो आणि शिपाई त्या हुकुमाची तामिली करतात. आतील हवेचा सेन्सर, मिश्रणकक्षांतील सेन्सर, कूलिंग कॉइलवरचा सेन्सर हे या कचेरीचे खबर देणारे. हवेचे पडदे फिरविणाऱ्या छोट्या मोटरी, ब्लोअर आणि रिले हे शिपाई. चुकीचा हुकूम निघाला तर दोष बहुधा हकिकतीत असतो, आणि बरोबर हुकूम निघूनही काम झाले नाही तर तो शिपायात असतो. असे असताना मालक आणि मिस्त्री दोघेही पहिला आळ घेतात तो मामलेदारावर, म्हणजे सर्वांत महागड्या भागावर. नियंत्रक बदलून, मोठी रक्कम मोजून, बिघाड होता तेथेच राहिला, अशा कहाण्या या गाडीच्या मालकांत पैशाला पासरी ऐकू येतात.

त्या खबर देणाऱ्यांतील सर्वांत उपेक्षित घटक म्हणजे आतील हवेच्या सेन्सरजवळ बसविलेला एक चिमुकला पंखा. सेन्सर डॅशबोर्डाच्या पोटात दडलेला असल्यामुळे प्रवाशांभोवतीची हवा ओढून त्याच्यासमोर हजर करणे हे या पंख्याचे एकमेव कर्तव्य. परंतु तीस वर्षांची धूळ, गालिच्याचे तंतू आणि सुकलेले वंगण यांच्यामुळे तो प्रथम किरकिरू लागतो आणि नंतर एके दिवशी निमूटपणे बंद पडतो. किरकिर थांबल्याचे मालकास समाधानच वाटते! त्यानंतर मात्र सेन्सरला डॅशबोर्डाच्या पोटातील कोंडलेली, तापलेली हवा हीच प्रवाशांची हवा वाटू लागते आणि बाहेर हिमवर्षाव होत असताना नियंत्रक उष्णता आखडती घेतो. याची परीक्षा करण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. चावी फिरवून त्या बारीक जाळीवर पातळ कागदाचा कपटा धरावा. पंखा चालत असेल तर कपटा जाळीला चिकटून राहतो, नसेल तर खाली पडतो. सेन्सर स्वतः तपासावयाचा तर मल्टिमीटर हवा. तापमान वाढले की याचा विद्युत्‌रोध घटतो. म्हणजे तार तुटली आणि रोध अमर्याद झाला तर यंत्राच्या हिशेबी गाडीत कडाक्याची थंडी पडते.

खबर देणाऱ्यांच्या जबानीवर परिस्थितीचा परिणाम किती होतो, याचे एक मासलेवाईक उदाहरण जपानी गाड्यांत सापडते. निस्सानच्या त्या काळातील स्वयंचलित यंत्रणांत स्वतःची तपासणी स्वतःच करण्याची सोय होती आणि सूर्यप्रकाश मोजणाऱ्या सेन्सरचा दोष २५ या अंकाने दाखविला जात असे. परंतु छपराखाली उभ्या केलेल्या गाडीत सेन्सर धडधाकट असूनही हाच अंक उमटे, म्हणून तपासणीच्या वेळी ६० वॅटहून अधिक शक्तीचा दिवा त्याच्यावर धरावा, अशी सूचना कारखान्याच्या पुस्तिकेतच दिलेली असे.

आता शिपायांकडे वळू. पोर्शेची गाडी धावत असताना हवा गार लागते आणि रहदारीत थांबली की ती कोमट होते, अशी तक्रार आली तर मिस्त्री तात्काळ गॅस कमी असल्याचे निदान करतो. वस्तुतः धावत्या गाडीत कंडेन्सरवर आपोआप वारा येतो. थांबलेल्या गाडीत ते काम कंडेन्सरच्या पंख्याचे असते, आणि नेमका तोच पंखा कामावर हजर नसतो. हा पंखा दोन गतींनी फिरतो व मंद गतीसाठी वीज एका चिनी मातीच्या रोधकातून जाते. रोधक बसविला आहे तो पुढच्या मडगार्डात, जेथे पावसाचे पाणी, चिखल आणि युरोपातील हिवाळी रस्त्यांवर टाकले जाणारे मीठ यांचा मारा अखंड चालू असतो. तापणे आणि भिजणे यांच्या पाळीत तो एक दिवस तडकतो व मंद गती नाहीशी होते. जलद गती शिल्लक राहते खरी, परंतु ती यावयास दाब बराच वर चढावा लागतो.

याच ठिकाणी या गाडीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. समोरच्या उजव्या मडगार्डात इंजिनातील तेल थंड करणारा कूलर असतो, त्यालाही तसाच पंखा आणि तसाच रोधक असतो, आणि या पंख्यावरचा हुकूमही त्याच वातानुकूलन-नियंत्रकाकडून सुटतो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात तेल हे अर्धे शीतकच असते. म्हणून ‘मला ए.सी. लागत नाही, राहू द्या बंद’ असे म्हणून या यंत्रणेकडे दुर्लक्ष करणारा मालक अजाणता आपल्या इंजिनाचे आयुष्य पणाला लावीत असतो. उन्हाळ्यातील रहदारीत तेलाचा काटा वर सरकू लागला आणि पंख्याचा आवाज ऐकू येत नसेल, तर प्रथम तो रोधक मोजावा. चांगल्या रोधकाचा रोध अगदी अल्प असतो आणि तुटलेल्याचा अमर्याद, त्यामुळे निवाडा क्षणात होतो, आणि नवा रोधक नियंत्रकाच्या मानाने कवडीमोल आहे.

गॅसचे प्रकरण वेगळ्या शहानिशेस पात्र आहे. ९६४ च्या सुरुवातीच्या गाड्यांत आर-१२ हा वायू असे. थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या सुमारास जगापुढे आणलेला हा वायू बिनविषारी आणि अज्वलनशील म्हणून वाखाणला गेला, परंतु तो ओझोनच्या थराचा वैरी ठरल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याच्यावर गदा आली आणि १९९६ पासून प्रगत देशांत त्याचे उत्पादन थांबले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए जुन्या यंत्रणेत भरता येतो. मात्र जुने खनिज तेल या वायूत मिसळत नाही, त्यामुळे ते काढून योग्य तेल घालणे, ओलावा शोषणारा ड्रायर बदलणे, सांध्यांतील रबरी कड्या बदलणे आणि यंत्रणा पंपाने निर्वात करून मगच गॅस सोडणे, एवढा सोपस्कार करावाच लागतो. आपल्याकडे कोणत्याही गाडीच्या कोणत्याही तक्रारीवर ‘गॅस टॉपअप करून देतो’ हा जो सार्वत्रिक उतारा सांगितला जातो, तो माझ्या मते निदान टाळण्याचा सभ्य मार्ग आहे. बंद नळ्यांतील गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला याचा अर्थ तो कोठून तरी गळतो, आणि गळणाऱ्या ठिकाणी तेलाचा ओशट डाग बहुधा सापडतो. दुसरे असे की, इंजिन बंद आणि थंड असताना, २५ अंश सेल्सियस तापमानाला या दोन्ही वायूंचा दाब सुमारे ८० पौंड दिसतो, परंतु नळीत द्रवरूप गॅस थोडा असो वा भरपूर, काटा तेथेच राहतो. तेव्हा दाब पाहून गॅस पुरेसा आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्याचे बोलणे अर्धेच खरे समजावे. गॅस अगदी संपला असेल तर दाबाचे स्विच कॉम्प्रेसरचा क्लच लागूच देत नाही. ते स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर सक्तीने फिरविणे हा शुद्ध अविचार होय, कारण त्याचे वंगण गॅसबरोबरच फिरत असते आणि गॅस नसेल तर तो कोरडाच घासला जातो.

गरम हवेची तक्रार असेल तेव्हा मात्र सुखसोयीचा विचार बाजूला ठेवावा. हीटर लावताच तेलाचा वास आला तर इंजिनाच्या सांध्यांतून गळणारे तेल एक्झॉस्टच्या तप्त कवचावर पडत आहे, असे समजण्यास हरकत नाही. परंतु गंजाने कवचाच्या आतील नळीसच भोक पडले असेल, तर इंजिनाचा धूर गरम हवेबरोबर थेट आत येतो, आणि त्यातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. डोके जड होणे, मळमळणे ही लक्षणे दिसताच काचा उघडून, हीटर बंद करून गाडी थांबवावी, आणि ते कवच तपासून बदलल्याखेरीज ती रस्त्यावर आणू नये.

खबर देणारे खरे बोलतात आणि शिपाई कामावर हजर आहेत, याची खातरजमा झाल्यावरच नियंत्रकाची चौकशी सुरू करावी. तोही निर्दोष नसतो. तीन दशकांच्या उष्णतेने आणि हादऱ्यांनी त्याच्या पट्टीवरचे डाग देऊन जोडलेले सांधे सूक्ष्मपणे फुटतात, आणि मग यंत्रणा कधी चालते, कधी रुसते. नवा नियंत्रक घेण्यापूर्वी जुनाच उघडून ते सांधे पुन्हा जोडून देणारे कारागीर युरोप-अमेरिकेत आहेत, त्यांच्याकडे तो पाठवावा.

परदेशात स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांच्या मनात अशी गाडी घेण्याचे असेल, त्यांनी ती पाहावयास जाताना थंड इंजिनापासून सुरुवात करून निदान अर्धा तास ती चालवावी, तेल पुरते तापल्यावर गाडी उभी करून पुढचे दोन्ही पंखे कानांनी ऐकावेत, आणि विक्रेता ‘ए.सी.मध्ये फक्त गॅस भरायचा आहे’ असे म्हणालाच, तर कॉम्प्रेसर, ड्रायर आणि गाडीभर पसरलेल्या नळ्या यांचा खर्च मनाशी वजा करूनच आपला आकडा सांगावा.