मुंबईचे सेंट थॉमस कॅथेड्रल : इतिहास व वास्तुरचना

प्रस्तावना :
मुंबईच्या कोटाचा ‘चर्चगेट’ हा दरवाजा एकोणिसाव्या शतकात तटबंदीबरोबर पाडला गेला. ज्या चर्चमुळे त्यास हे नाव मिळाले, ते अँग्लिकन पंथाचे सेंट थॉमस चर्च मात्र आजही उभे आहे. या वास्तूची जडणघडण आणि तीत प्रतिबिंबित झालेले कंपनी सरकार व एतद्देशीय समाज यांचे संबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
गव्हर्नर जेरल्ड ऑन्जिअर यांच्या कारकिर्दीत, इ. स. १६७६ च्या सुमारास चर्चचे बांधकाम सुरू झाले. १६७७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि सुमारे चाळीस वर्षे भिंती अर्धवट राहिल्या. पुढे धर्मोपदेशक रिचर्ड कॉब यांनी वर्गणी जमवून काम पूर्णत्वास नेले. २५ डिसेंबर १७१८ रोजी, नाताळच्या दिवशी, गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या उपस्थितीत चर्च उपासनेसाठी खुले झाले.

या समारंभास रामा कामाठी हे धनाढ्य सारस्वत व्यापारी आपल्या ज्ञातिबांधवांसह आले होते व उपासना संपेपर्यंत बाहेर उभे राहिले, अशी नोंद कॉब यांनी केली आहे. वाळकेश्वर मंदिराचा जीर्णोद्धार याच कामाठींनी केला होता. तथापि १७२० मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून बून यांच्याच राजवटीत त्यांना दोषी ठरविण्यात आले. पुराव्यादाखल सादर केलेले पत्र बनावट असल्याचे पुढे उघडकीस आले. परंतु १७२८ मध्ये कामाठी कैदेतच मरण पावले.

वास्तुरचना :
मूळ वास्तू साधी व भक्कम आहे. १८३७ मध्ये मुंबई धर्मप्रांत स्थापन होऊन टॉमस कार हे पहिले बिशप झाले व चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळाला. १८३८ मध्ये घड्याळाचा उंच मनोरा उभारला गेला. १८६० च्या दशकात वेदीकडील भाग नवगॉथिक शैलीत बांधला गेला. अशा रीतीने एकाच वास्तूत तीन कालखंडांचे थर दिसतात. आतील संगमरवरी स्मारकांत प्रामुख्याने कंपनीचे अधिकारी व सैनिक यांची स्मृती जपलेली आहे.

समारोप :
२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली, हे कॅथेड्रल आज त्याच संघटनेत आहे. विदर्भातील अभ्यासकांस ही वास्तू त्यामुळे परकी नाही. भिंतींवरील शिलालेख हे सत्ताधाऱ्यांचे आत्मकथन असते; दाराबाहेर उभे राहिलेल्यांचा इतिहास दप्तरांतूनच शोधावा लागतो. वास्तूचा अभ्यास या दोन्ही साधनांच्या आधारे झाला, तरच तो परिपूर्ण ठरेल.