सायकलच्या चेनला तेल नेमके कोठे घालावे?





गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीतील एक विद्यार्थिनी शाळेत येताना सायकलवरून पडली. पुलाचा चढ चढताना तिने पॅडलवर जोर दिला आणि चेन दातांवरून सटकली. मागून वाहन येत नव्हते, म्हणून गुडघा खरचटण्यावर निभावले. तिच्या वडिलांकडे चौकशी केली, तेव्हा ते म्हणाले, "सर, आठच दिवसांपूर्वी तेल घातले होते." त्यांचे म्हणणे खरे होते. चेन तेलाने काळीकुट्ट झाली होती. मग चूक कोठे झाली? आम्हीसुद्धा वर्षानुवर्षे असेच तेल ओतत आलो आहोत, म्हणून हा विषय सर्वांसमोर मांडावासा वाटला.

प्रथम चेन जवळून पाहा. दोन पट्ट्यांच्या मध्ये एक छोटी गोल नळी दिसते, तिला रोलर म्हणतात. हा रोलर चाकाच्या दोन दातांमधील खाचेत बसतो. रोलरच्या आत आणखी एक नळी असते, ती बुश. आणि बुशाच्या आरपार पिन गेलेली असते. अशी बुश-रोलर चेन हान्स रेनॉल्ड यांनी १८८० साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तयार केली. आजच्या काही चेनमध्ये वेगळा बुश नसतो, आतील पट्टीचीच कड नळीसारखी वळवलेली असते. परंतु काम तेच.

चेन चाकावर वळते तेव्हा प्रत्येक पिन आपल्या बुशात थोडी फिरते. म्हणजे खरे घर्षण आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी होते. तेथे तेल नसेल तर पिन व बुश दोन्ही झिजतात आणि प्रत्येक सांध्यात केसाएवढी जागा पडते. चेनला असे शंभराच्या आसपास सांधे असतात. सर्वांची झीज मिळून चेन लांब होते. आपण म्हणतो, "चेन वाढली." वास्तविक लोखंड ताणले गेलेले नसते, सांधे झिजलेले असतात. चाकाच्या दातांमधील अंतर मात्र पूर्वीइतकेच असते. त्यामुळे रोलर दातांच्या टोकाकडे चढू लागतात आणि जोर पडला की चेन सटकते.

बाहेरून ओतलेले तेल या कामी फारसे येत नाही, उलट अपाय करते. त्यावर धूळ चिकटते आणि तेल व धुळीचा तो लगदा पॉलिश पेपरसारखा लोखंड घासू लागतो. आपल्या माळव्यात धुळीला काय तोटा!

बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइल गाडीतही दातेरी चाके व चेन असतात. पण तेथे ती बंद पेटीत, तेलात भिजत फिरतात. तेलाची पातळी पाहणे, ठराविक काळाने तेल बदलणे आणि चेनचा ताण तपासणे, एवढी काळजी घ्यावी लागते. आपल्या सायकलची चेन मात्र उघडी असते. पाऊस तेल धुऊन नेतो व धूळ आत शिरते. म्हणून तिच्याकडे वारंवार लक्ष द्यावे लागते.

तेल घालण्याची रीत अशी:

१. कोरड्या फडक्याने व जुन्या टूथब्रशने चेन पुसावी. चेन ओली असल्यास पूर्ण वाळू द्यावी.

२. पॅडल हाताने उलटे फिरवत प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा. बोटे व फडके दातांपासून दूर ठेवावे.

३. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, म्हणजे तेल आत उतरते.

४. शेवटी बाहेरचे तेल कोरड्या फडक्याने पुसून काढावे. आपण नेमकी हीच पायरी विसरतो.

खोबरेल किंवा खाण्याचे तेल घालू नये. ते काही दिवसांनी चिकट होते. गाडीतून काढलेले जुने इंजिन तेलही नको, त्यात धातूचे कण असतात. ग्रीस घट्ट असल्याने बुशापर्यंत पोहोचत नाही. त्याची जागा चाकाच्या एक्सलमधील छर्ऱ्यांत आहे. आणि चाकाच्या रिमवर तेलाचा थेंबही पडू देऊ नये, नाहीतर ब्रेक लागणार नाही.

आता झीज मोजण्याची परीक्षा. चेन ताणलेली असताना १२ इंचांची पट्टी धरून एका पिनेचा मध्य शून्यावर ठेवावा. ती पिन सोडून पुढील २४वी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते. ती एक षोडशांश इंच पुढे गेली असेल, तर चेन बदलण्याची वेळ झाली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल, तर बहुधा चाकांचे दातही झिजलेले असतात, आणि अशा दातांवर नवी चेनसुद्धा सटकते. आमच्या विद्यार्थिनीची चेन मोजली तेव्हा ती एक अष्टमांश इंचाहून पुढे गेली होती. वडिलांना चेनबरोबर फ्रीव्हीलही घ्यावे लागले. वेळीच मोजले असते, तर केवळ चेनवर भागले असते, आणि मुलगीही पडली नसती.

यापुढे प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, कार्यानुभवाच्या तासाला विद्यार्थी आपापली सायकल तपासतील. पावसाळ्यात हे दर आठवड्याला होईल. सायकल-स्टँडजवळ तेलाची एक कुपी, फडकी व एक स्टीलची पट्टी ठेवण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती द्यावी, ही नम्र विनंती. पालकांनी घरी एकदा मुलांबरोबर बसून चेन मोजावी. पट्टी प्रत्येक दप्तरात आहेच.

— प्राचार्य