अब्बांचा राग आणि मगरिबची वेळ

अब्बांनी धाकट्या सुनेच्या मनगटावर काठी मारली, त्या दिवसापर्यंत आम्ही त्यांच्या आजाराला नुसता ‘विसराळूपणा’ म्हणत होतो. बत्तीस वर्षे एस.टी.त कंडक्टर असलेला माणूस. गर्दीत कुणी अंगावर आले तरी आवाज न चढवणारा. तेच अब्बा संध्याकाळी दारात उभे राहून ओरडत होते, “माझी पैशांची बॅग हिनेच घेतली. गाडी सुटेल माझी!” ती बिचारी दार अडवून उभी होती, रस्त्यावर जाऊ नयेत म्हणून.

आम्ही भावांनी तेव्हा जे केले ते सगळे चुकीचे होते. “अब्बा, तुम्ही २००४ मध्येच रिटायर झालात,” असे तिघांनी तीन बाजूंनी समजावले, हात धरले. ते आणखी भडकले. अम्मी कुठे आहे असे विचारले की आम्ही खरे सांगायचो, तिचा इंतकाल होऊन सहा वर्षे झाली. दर वेळी ते ती बातमी पहिल्यांदाच ऐकत आणि दर वेळी नव्याने रडत. रडणे संपले की राग. शेजारपाजारचे ‘नजर लागली’ म्हणाले. आम्ही तेही करून पाहिले, लपवत नाही. दुआ आजही करतोच, पण डॉक्टरांकडे जायला त्यात चार महिने गेले.

डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली. आम्हाला नवल वाटले. डोक्याचा आजार आणि लघवीचा काय संबंध? जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर आठवड्याभरात मारहाण थांबली. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला ‘इथे दुखतेय’ हे सांगता येत नाही, ते रागातून बाहेर पडते. बद्धकोष्ठता, दाढदुखी, बिघडलेले कानाचे यंत्र, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून एकदोन दिवसांत वागणे अचानक बदलले तर ‘आजार वाढला’ म्हणून बसू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

राग पूर्ण गेला मात्र नाही. तो येतो बहुधा दिवस मावळताना. या आजारात बऱ्याच जणांना संध्याकाळी अस्वस्थता वाढते. थकवा असतो, उजेड कमी होतो, सावल्या माणसांसारख्या दिसतात. आता आमच्याकडे असरनंतर लगेच सगळे दिवे लागतात, टीव्हीवरच्या मारामाऱ्या बंद, अब्बांना चहा आणि नानकटाई. वुजूच्या जागेचा आरसा काढला. त्यात त्यांना कुणी परका म्हातारा दिसायचा. अंगावर अचानक थंड पाणी पडले की हल्ला झाल्यासारखे घाबरायचे, म्हणून कोमट पाणी, आणि तेही समोरून, सांगून. एका वेळी एकानेच बोलायचे. काठी उगारली तर हात धरायचा नाही, दोन पावले मागे सरायचे.

नमाजवरूनही भांडणे व्हायची. जुहर तीनतीनदा पढायचे आणि आम्ही टोकायचो. मशिदीच्या इमामसाहेबांनी समजावले की, ज्याची समजच उरली नाही त्याच्याकडून हिशेब नाही, पढू द्या. एवढ्या एका वाक्याने घरातली निम्मी भांडणे गेली. आणि अम्मीबद्दल विचारले की आता आम्ही खोटेही बोलत नाही, बातमीही देत नाही. “अम्मीच्या हातचा शिरखुर्मा आठवतो का अब्बा?” एवढेच. मग ते बोलत राहतात.

मध्यंतरी दुसऱ्या एका डॉक्टरांनी शांत राहण्याची गोळी दिली. अब्बा दिवसभर गुंगीत, आणि एका पहाटे पडले. नंतर कळले की या प्रकारच्या काही औषधांनी स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी ती लागतात, पण कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी. कधी बंद करायची हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

खरा प्रश्न मात्र धाकटीने विचारला, मनगटाला पट्टी बांधलेली असताना. “सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांना ‘उफ्’ही न म्हणण्याचा हुकूम आहे ना? तो मुलांना आहे. मग रोज संध्याकाळी घरात मी एकटीच का?” आम्ही तिघे भाऊ इशापर्यंत दुकानात असायचो. खिदमत अब्बांची आणि सवाब आमचा, असा आमचा हिशेब होता. उत्तर नव्हते. आता असरला एक भाऊ घरी येतो, पाळीपाळीने. धंद्याचे नुकसान होते, होऊ द्या. महिन्यातून चार दिवस ती माहेरी जाते. अगदीच सुचेनासे झाले की ज्येष्ठांसाठीची १४५६७ किंवा मानसिक आधाराची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन आहे. तिथे फोन करायला लाज वाटू देऊ नये.

नातवंडांनी वहीचे कागद कापून तिकिटे केली आहेत, जुन्या बटव्यात सुटी नाणी ठेवली आहेत. “गाडी सुटेल” सुरू झाले की तो बटवा हातात द्यायचा. हिशेब जुळेपर्यंत अर्धा तास जातो. नेहमीच नाही, मागच्या मंगळवारी त्यांनी बटवाच भिरकावला.

परवा धाकटी समोरून चालली होती. अब्बांनी तिला थांबवले, ओळखले नाही. “कुठे जायचे बाई?” ती म्हणाली, “खेड.” तिचे माहेर. त्यांनी नीट एक कागद फाडून तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “सुटे पैसे काढा, मागे गर्दी आहे.”