अनुभवाचे मोल कोणी द्यावयाचे?

नोकरीच्या जाहिरातींमध्ये एक वाक्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले आहे: ‘अनुभवी उमेदवारास प्राधान्य’. पदवी हाती घेऊन नुकत्याच महाविद्यालयाबाहेर पडलेल्या तरुणाला हे वाक्य बंद दारासारखे वाटते. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, अशा चक्रात तो सापडतो. राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री फेलोशिपसाठीदेखील पदवीबरोबर किमान एक वर्षाच्या अनुभवाची अट घातली गेली. मग इतर मालकांना दोष तो काय द्यावयाचा?

या चक्रातून बाहेर पडण्याची एक वाट अलीकडे बऱ्याच पदवीधरांनी धरलेली दिसते. पाणलोट विकास, वनसंवर्धन, पक्षीगणना, कचरा व्यवस्थापन अशा कामांना वाहून घेतलेल्या स्वयंसेवी संस्थांमध्ये सहा महिने किंवा वर्षभर उमेदवारी करावयाची आणि त्या अनुभवाच्या शिदोरीवर पुढील नोकरीचे दार ठोठावयाचे. संस्था कोठे अल्पसे मानधन देते, कोठे केवळ राहण्याजेवण्याची सोय करते आणि कोठे अखेरीस एक प्रमाणपत्र तेवढे हाती ठेवते. ही वाट चांगली आहे यात शंका नाही. परंतु ती सर्वांना सारखीच खुली आहे काय, आणि तिच्यावरून चालण्याचा खर्च कोण सोसतो, या प्रश्नांचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

प्रथम या उमेदवारीचे मोल काय ते पाहिले पाहिजे. डोंगरउतारावर सलग समपातळी चर खणावयाचे असतात तेव्हा प्रथम पातळीची रेषा आखावी लागते. ही रेषा थोडी जरी चुकली तरी पावसाचे पाणी चरात पसरून मुरण्याऐवजी खोलगट जागी साचते आणि तेथूनच बांध फोडून वाहून जाते. भूगोलाच्या पुस्तकात समोच्च रेषा पाठ केलेल्या पदवीधराला तिचा खरा अर्थ त्या दिवशी कळतो. पर्जन्यमापकातील पाणी सकाळी साडेआठच्या ठोक्याला मोजावयाचे, गावातील विहिरींची पातळी ऋतूऋतूंतून नोंदवावयाची, ग्रामसभेचे इतिवृत्त लिहावयाचे आणि मजुरांची हजेरी चोख ठेवावयाची, ही कामे दिसावयास किरकोळ. पण त्यांतून नोंदीची शिस्त, हिशेबातील सचोटी आणि चार भिन्न मतांच्या माणसांना एका निर्णयाशी आणण्याची हातोटी अंगी येते. कोणत्याही कचेरीत अगर कारखान्यात याच गुणांची मागणी असते.

कोकणातील वेळासचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साह्याने तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखण्याचे काम हाती घेतले. पहाटे किनारा पायी तुडवावयाचा, कासविणीच्या पाऊलखुणांवरून घरटे शोधावयाचे, अंडी काळजीपूर्वक कुंपणातील वाळूत हलवावयाची, आणि सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर येईपर्यंत तारीखवार नोंद ठेवावयाची. अशा कामात एक हंगाम घालविलेल्या तरुणाने प्राणिशास्त्राच्या वर्गात जे ऐकले होते, ते येथे त्याच्या डोळ्यांसमोर घडलेले असते.

आपल्या शिक्षणव्यवस्थेला ही गरज मुळीच कळलेली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, ३७ विद्यापीठांतील ४० हजार विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ आणि २००३ मध्ये दिलेल्या आदेशांमुळे पर्यावरण हा विषय सर्व शाखांच्या पदवी अभ्यासक्रमात आला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मूळ आराखड्यात शंभरांपैकी पंचवीस गुण क्षेत्रकार्यासाठी राखलेले होते. प्रत्यक्षात या क्षेत्रकार्याचे काय झाले, हे प्राध्यापकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. एका विद्यार्थ्याची वही दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने उतरविली, आणि ‘आमच्या गावातील नदीचे प्रदूषण’ हा प्रकल्प नदीकाठी न जाताच सिद्धीस गेला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर कार्यानुभवाला श्रेयांक मिळू लागले ही स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि सुटीतील काही तासांची हजेरी म्हणजे अनुभव नव्हे. शेती, पाणी आणि जंगल यांचे काम ऋतुचक्राला बांधलेले असते. पावसाळ्यात आखलेले बरोबर होते की चूक, याचा निकाल पुढील उन्हाळ्यात विहिरीच्या तळाशी लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या देशातील निसर्ग-अभ्यासाच्या इतिहासात बिनपगारी उमेदवारीचे सर्वांत विख्यात उदाहरण सालिम अली यांचे आहे. १९२६ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून लागले. पुढे रजा घेऊन त्यांनी बर्लिनला एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे घेतले. १९३० मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली होती. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्याचे दारही त्यांना बंद झाले. तेव्हा ते अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याच्या वीणकामाचा व संसाराचा अभ्यास करीत बसले. त्या अभ्यासाने त्यांचे नाव झाले. त्यानंतर हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांचे सर्वेक्षण वेतन न घेता करण्याची तयारी त्यांनी दर्शविली. मोहिमेचा खर्च तेवढा संस्थानाने करावा, एवढीच त्यांची अट होती.

ही कथा आपण विद्यार्थ्यांना स्फूर्तीसाठी सांगतो आणि ती सांगण्यासारखीच आहे. परंतु तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डोक्यावर छप्पर होते, पत्नी तहमिना यांची भक्कम साथ होती, म्हणूनच त्या तपश्चर्येला अवधी मिळाला. ज्याच्या घरी असा आधार नाही, त्याच्या अंगी तितकीच चिकाटी असली तरी त्याने काय करावे? सालिम अलींपाशी अनुभव होता, पदवी नव्हती. आजच्या तरुणापाशी पदवी आहे, अनुभव नाही. दोघांना अडविणारी भिंत वेगळी असेल, पण ती ओलांडण्याची शिडी त्या काळी जशी घरच्या आधाराची होती, तशीच ती आजही आहे.

समजा, बीड जिल्ह्यातील एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याची मुलगी विज्ञान शाखेची पदवीधर झाली. विहीर कोणत्या महिन्यात आटते, टँकर केव्हा सुरू होतो, कोणत्या उतारावरची माती वाहून जाते, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. पाणलोटाच्या कामाला तिच्याइतके योग्य कोण? पण पदवी मिळताच घरची नजर तिच्या मिळकतीकडे लागते. धाकट्या भावाची फी भरावयाची असते, सोसायटीचे कर्ज डोक्यावर असते. खोलीभाडे आणि खानावळ स्वतःच्या पदराने भागवून वर्षभर ‘अनुभव’ घेण्याची चैन तिला परवडत नाही. ती तालुक्याच्या दुकानात हिशेब लिहावयास बसते. तिच्या जागी शहरातील सुखवस्तू घरचा उमेदवार येतो. तो प्रामाणिक असतो, कष्टाळूही असतो. पण वर्ष सरले की अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन तो पुढे जातो आणि गावाला पुन्हा नव्याने कोणालातरी सारे समजावून सांगावे लागते. येथे तोटा केवळ त्या मुलीचा होत नाही, कामाचाही होतो.

संस्थांचीही एक बाजू आहे व ती सहानुभूतीने ऐकली पाहिजे. देणगीदाराला लावलेली रोपे मोजता येतात आणि बंधाऱ्याचे छायाचित्र छापता येते. रोपे जगविणाऱ्या माणसाचा दरमहाचा खर्च हा मात्र त्याला अनुत्पादक वाटतो. त्यामुळे संस्थेच्या अंदाजपत्रकात खड्ड्यांसाठी तरतूद असते, माणसासाठी नसते. शिवाय सेवा पैशात मोजू नये, अशी आपल्याकडील एक जुनी धारणा आहे. ती उदात्त आहे. पण जो स्वतः उपाशी राहून सेवा करतो त्याला ती शोभते, दुसऱ्याला उपाशी ठेवून त्याच्याकडून सेवा घेणाऱ्याला शोभत नाही.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये निसर्गसंवर्धनासाठी स्वयंसेवकांची पथके १९५९ पासून काम करीत आली आहेत. तेथील १९९८ च्या किमान वेतन कायद्याने धर्मादाय संस्थांत केवळ खर्चापुरते पैसे घेऊन काम करणाऱ्या स्वयंसेवी कामगारांना वेतनाच्या हक्कातून वगळले. साहजिकच बिनपगारी उमेदवारी ही ऐपतदारांच्या मुलांची मक्तेदारी ठरते, ही तक्रार तेथेही वारंवार होत आली आहे. स्वयंसेवक आणि उमेदवार यांतील भेद कायद्याने पुसला की काय होते, याचा हा धडा आहे. रविवारी टेकडीवर श्रमदानाला जाणारा स्वयंसेवक असतो. पण जो रोज ठरलेल्या वेळी येतो, नेमून दिलेले काम करतो व त्याचा जाब देतो, तो कामगारच असतो, मग त्याला नाव काहीही द्या.

राज्य शासनाला हे तत्त्व अमान्य आहे असे म्हणता येत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत पदवीधराला दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. मुदत आरंभी सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांची झाली. मात्र मुदत संपल्यावर काय, याचे उत्तर योजनेत नव्हते, आणि कायम करण्याच्या मागणीसाठी प्रशिक्षणार्थींवर आंदोलनाची पाळी आली. विद्यावेतन दिले म्हणजे जबाबदारी संपली असे नव्हे, हे यातून शिकावयाचे.

अशा योजनेला पर्यावरणाचे निश्चित काम जोडता येणार नाही काय? २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावोगावी व्यवस्थापन समित्या स्थापून लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर त्या घाईघाईने भरल्या गेल्या आणि त्यांच्या दर्जाविषयी अभ्यासकांनी शंका व्यक्त केल्या. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. त्या नोंदवह्या तपासून, गावातील जाणत्या माणसांजवळ बसून पूर्ण करण्याचे काम स्थानिक पदवीधरांवाचून होणारे नाही. विहिरींच्या नोंदी आणि सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांचे हिशेब यांचीही हीच स्थिती आहे. काम पडून आहे, पदवीधर बसून आहेत. दोहोंमध्ये उणीव आहे ती दरमहाच्या काही हजार रुपयांची आणि थोड्या योजकतेची.

त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, उमेदवाराला निदान राहणे, जेवण व प्रवास भागेल इतके विद्यावेतन मिळावे आणि देणगीदारांनी व उद्योगांनी ते कामाचाच भाग मानावे. दुसरी, प्रत्येक उमेदवारामागे एक जाणता मार्गदर्शक असावा, आणि अखेरच्या प्रमाणपत्रात ‘समाधानकारक’ या मोघम शब्दाऐवजी त्याने काय मोजले, काय लिहिले, काय उभे केले याची स्पष्ट नोंद असावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, वन, जलसंधारण, कृषी यांसारख्या खात्यांनी आपल्या भरतीत हा अनुभव जमेस धरावा. जो अनुभव खुद्द शासनच मोजत नाही, तो खाजगी मालकाने मोजावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

निसर्गाचे रक्षण हे सर्वांचे काम आहे, असे आपण सभासंमेलनांतून सांगतो. सर्वांचे काम जर केवळ ऐपत असलेल्यांनाच शिकता येत असेल, तर ते सर्वांचे कसे राहील? ज्यांनी दुष्काळ भोगला आहे, त्यांच्याच मुलामुलींना तो हटविण्याचे शास्त्र शिकण्याची संधी मिळावी, ही मागणी दयेची नाही. ज्या कामासाठी आपण त्यांना बोलावतो, ते काम नीट व्हावे एवढ्यासाठीच ती आहे.