आयपी ६७ आणि सॉल्व्हंटची वाफ : वॉकीटॉकीविषयीचे गैरसमज

डोंबिवली एमआयडीसीतला रासायनिक कारखाना, घोडबंदर रस्त्यावरची बांधकामे, कल्याणचे रेल्वे यार्ड, ठाण्यातल्या मॉलचे पार्किंग : या सगळ्या ठिकाणी कमरेला लटकणारे वॉकीटॉकी दिसायला जवळपास एकसारखे असतात. काळे आवरण, आखूड अँटेना, बाजूला बोलण्याचे बटण, मागे खटक्याने बसणारी बॅटरी. आतून मात्र त्यांत फार मोठा फरक असू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणूनच कारखान्यांत एक गैरसमज पक्का रुजला आहे : सेट दणकट असला, पाण्यात पडूनही चालत राहिला, तर तो प्लांटमध्ये कुठेही न्यायला हरकत नाही.

वॉकीटॉकीविषयीच्या सगळ्या गैरसमजांत जीव घेईल असा हाच. त्याचा पुरावा म्हणून खोक्यावर छापलेला 'आयपी ६७' दाखवला जातो. या दोन आकड्यांचा अर्थ ठरलेला आहे. सहा म्हणजे धूळ आत जात नाही. सात म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवला तरी पाणी आत शिरत नाही. त्याच्याच शेजारी बऱ्याचदा अमेरिकी लष्कराच्या ८१० क्रमांकाच्या मानकाचा उल्लेख असतो. सेट पडण्याच्या, हादऱ्यांच्या, उष्णतेच्या आणि दमटपणाच्या चाचण्यांत टिकला, एवढेच विक्रेत्याला त्यातून सांगायचे असते. ज्वालाग्राही वाफेत या सेटमधून ठिणगी पडली तर काय होईल, याचे उत्तर दोन्हींपैकी एकही शिक्का देत नाही.

यावर ठरलेला प्रतिप्रश्न येतो : सेट हवाबंद आहे, तर वाफ आत शिरणार कशी? पण वाफेला आत शिरण्याची गरजच नाही. बहुतेक सेटमध्ये बॅटरी आणि रेडिओ यांना जोडणारी धातूची टोके सीलच्या बाहेर असतात. सेट जिन्यावरून पडला, खटका सुटला आणि बॅटरी निखळली, की चालू विद्युतप्रवाह उघड्या हवेत तुटतो आणि त्या क्षणी ठिणगी पडते. सुटी बॅटरी खिशातल्या किल्ल्यांना किंवा साखळीला टेकली तरी तेच होते. रेडिओ उत्पादकांच्या माहितीपुस्तकांत ही सूचना वर्षानुवर्षे छापून येते आणि वर्षानुवर्षे न वाचता राहते.

वाफ पेटायला ठिणगीत किती ऊर्जा लागते, हे समजले की वाद उरत नाही. टोल्युइनसारख्या हायड्रोकार्बनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली असेल, तर ती पेटायला सुमारे ०.२५ मिलिज्यूल पुरतात. हायड्रोजनला त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीही लागत नाही. दुसरीकडे ७.४ व्होल्ट आणि २,००० मिलिअँपिअर-तासांच्या साध्या लिथियम-आयन बॅटरीत सुमारे ५३,००० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. लागणाऱ्या ऊर्जेच्या वीस कोटी पटींहून ती जास्त भरते. टोल्युइनचा ज्वलनांक साधारण ४ अंश सेल्सिअस, म्हणजे डोंबिवलीत बारा महिने, ऐन डिसेंबरच्या पहाटेसुद्धा, ते पेटण्याजोगी वाफ सोडतच असते. ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते. ती वर उडून जात नाही. जमिनीलगत, खड्ड्यांत आणि गटारांत साचते. हातातून सेट पडतो तोही तिथेच.

अशा जागी चालणाऱ्या सेटला इंट्रिन्सिकली सेफ म्हणतात. कारखान्यांत सगळ्यालाच सरसकट 'फ्लेमप्रूफ' म्हणण्याची पद्धत आहे, पण या दोन वेगळ्या रीती आहेत. फ्लेमप्रूफ पेटीत आत स्फोट झाला तरी ज्वाळा बाहेर येत नाही, इतके तिचे कवच जाड असते; मोटारी आणि दिव्यांना ते जमते. इंट्रिन्सिकली सेफ सेटमध्ये मुळात ऊर्जाच मर्यादित ठेवलेली असते. बॅटरीच्या आत प्रवाह रोखणारी मंडले असतात, त्यामुळे तारा एकमेकींना टेकल्या किंवा एखादा भाग बिघडला तरी वाफ पेटवण्याइतकी ठिणगी पडत नाही आणि सेटचा कोणताही भाग ठरावीक तापमानापलीकडे तापत नाही. टी-४ वर्गात ही मर्यादा १३५ अंशांची आहे. अशा सेटवर 'ईएक्स'चे चिन्ह, वायूचा गट, तापमानाचा वर्ग आणि प्रमाणपत्राचा क्रमांक कोरलेला असतो. पेट्रोलियम नियम २००२ लागू असलेल्या ठिकाणच्या विद्युत उपकरणांना मान्यता देणारी यंत्रणा म्हणजे पेसो, अर्थात पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना. तिचे मुख्यालय नागपुरातच आहे. विक्रेत्याकडे प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरचा मॉडेल क्रमांक हातातल्या सेटशी जुळवून पाहावा. 'सर, सगळ्या कंपन्यांत हाच जातो' हे प्रमाणपत्र नव्हे.

प्रमाणपत्र मिळाले तरी काम संपत नाही, आणि इथे चांगल्या चाललेल्या कारखान्यांतही घोळ होतो. प्रमाणपत्र रेडिओ आणि बॅटरी या जोडीला असते. दोन-तीन वर्षांत मूळ बॅटरी दमते, खरेदी विभाग निम्म्या किमतीची 'कम्पॅटिबल' बॅटरी आणतो, ती खटक्यात चपखल बसते आणि सेट उत्तम चालतो. त्या बॅटरीत प्रवाह रोखणारी मंडले नसतात. म्हणजे त्या दिवसापासून कारखान्यात ईएक्सचा शिक्का असलेला साधा सेट फिरू लागतो, आणि साध्या सेटपेक्षा तो जास्त घातक ठरतो, कारण त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास असतो. खांद्यावरचा स्पीकर-माइक, कानातला इअरफोन आणि बाजारात करून घेतलेली दुरुस्ती यांचेही तसेच. प्रमाणपत्राच्या यादीत नसलेली वस्तू जोडली किंवा अनधिकृत हातांनी सेट उघडला, की तो इंट्रिन्सिकली सेफ राहत नाही. मूळ बॅटरीसुद्धा वाफेच्या जागी बदलायची नसते आणि चार्जर तिथे लावायचा नसतो. दोन्ही कामे सुरक्षित खोलीत करायची.

प्रमाणित सेट हातात घेतल्यावर कामगारांची तक्रार ठरलेली असते : याची रेंज कमी आहे, जुना बरा होता. ही तक्रार खरी आहे आणि कमी रेंजमागे कारण आहे. अँटेनातून निघणाऱ्या लहरी जवळच्या पाइपांत, साखळ्यांत, क्रेनच्या दोरात प्रवाह निर्माण करू शकतात आणि दोन धातू जिथे अर्धवट टेकतात तिथे ठिणगी पाडू शकतात. म्हणून आयईसी ६००७९-० या आंतरराष्ट्रीय मानकात प्रक्षेपणाच्या शक्तीलाच मर्यादा घातली आहे : प्रोपेनच्या गटातल्या वायूंसाठी ६ वॉट, इथिलीनच्या गटासाठी ३.५ वॉट आणि हायड्रोजन-अॅसिटिलीनच्या गटासाठी २ वॉट. बाजारातला साधा व्यावसायिक सेट ४ ते ५ वॉटचा असतो, तर ईएक्स प्रकारातले अनेक सेट १ वॉटच्या आसपास ठेवलेले असतात. रेंज हवी असेल तर छतावर रिपीटर बसवावा. हातातल्या सेटचे वॉट वाढवणे हा त्यावरचा उपाय नाही.

उलट बाजूने येणारा युक्तिवाद पेट्रोल पंपावरच्या मोबाइलचा आहे. मोबाइलमुळे पंप पेटल्याचे कधी सिद्ध झाले नाही, मग रेडिओची एवढी भीती कशाला? पहिला भाग बरोबर आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पेट्रोल भरताना लागलेल्या आगींच्या नोंदी जमवल्या, तेव्हा मोबाइलवर खापर फोडलेल्या आगींमागे दुसरेच कारण निघाले, बहुतेकदा अंगावरच्या कपड्यांतून आलेली स्थिर वीज. पण पंप उघड्या हवेत असतो आणि वाफ टाकीच्या तोंडाशी क्षणभर असते. रिअॅक्टरच्या मॅनहोलपाशी किंवा ड्रम भरण्याच्या जागी ती रोजच्या कामात सतत असू शकते. आयएस ५५७२ हे भारतीय मानक कारखान्याची झोन ०, १ आणि २ अशी विभागणी याच आधारावर करते, आणि कोणता सेट कुठपर्यंत न्यायचा हे त्या विभागणीवरून ठरते. आगीचे सगळे संभाव्य स्रोत दूर ठेवण्याचे बंधन १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३७ मध्येच स्पष्ट लिहिलेले होते. २६ मे २०१६ ला प्रोबेस एंटरप्रायजेसमध्ये आणि २३ मे २०२४ ला अमुदान केमिकल्समध्ये झालेल्या स्फोटांचा वॉकीटॉकीशी संबंध जोडायला काही आधार नाही. पण त्या दोन दिवशी डोंबिवलीत दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. कारखाना आणि वस्ती इतकी लगटून असलेल्या गावात 'आजवर काही झाले नाही' हा युक्तिवाद कोणी करू नये.

दगडखाणीत आणि सुरुंगाच्या कामावर मात्र लहर हाच मुख्य धोका असतो. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारखे काम करतात आणि जवळ कोणी बटण दाबले तर त्यांत प्रवाह येऊ शकतो. तिथे सेट बंद ठेवायचा, नुसता आवाज कमी करून भागत नाही, कारण काही डिजिटल सेट बटण न दाबताही मधूनमधून प्रक्षेपण करतात.

आता बाकीचे समज. वॉकीटॉकीने कॅन्सर होतो, असे सुरक्षारक्षकांच्या घरी बोलले जाते. आणि त्याचे रेडिएशन मोबाइलपेक्षा कमी, असे त्यांचे सुपरवायझर सांगतात. दोन्ही चूक. बटण दाबलेले असताना ४-५ वॉटचा सेट मोबाइलपेक्षा जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो, पण बटण सोडले की थांबतो. या लहरी अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याइतक्या ऊर्जेच्या नसतात. त्यांचा सिद्ध परिणाम ऊतक तापण्याचा आहे. कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आयएआरसी या संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२-बी' गटात टाकले. त्या गटाचा अर्थ पुरावा मर्यादित आहे एवढाच. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कॅन्सर यांत संबंध आढळला नाही. तरीही पद्धत पाळायची : सेट उभा धरायचा, तोंडापासून किमान अडीच सेंटिमीटर दूर, आणि बोलण्याचा वेळ एकूण वेळेच्या निम्म्याहून जास्त होऊ द्यायचा नाही. पेसमेकर असलेल्याने तो छातीच्या खिशात ठेवू नये. किमान पंधरा सेंटिमीटर अंतर राखावे. अँटेनाचे रबर फाटले असेल तर सेट वापरू नये, बोलताना उघडा धातू त्वचेला लागला तर चटका बसतो.

आपण बोललो म्हणजे पलीकडे ऐकले गेले, हा समज बांधकामावर महागात पडतो. वॉकीटॉकीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबले तर दोघांचेही बोलणे बुडते. बटण दाबताच बोलले तर पहिले अक्षर कापले जाते, लवकर सोडले तर शेवटचा शब्द. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, त्यामुळे 'खाली सोडू नका'मधला 'नका' गळला की क्रेनच्या केबिनमध्ये 'खाली सोडू' एवढेच पोहोचते. म्हणून क्रेनला नकारात्मक हुकूम द्यायचाच नाही. 'थांब, थांब' म्हणायचे. अमेरिकेच्या ओशा या यंत्रणेचा क्रेनविषयीचा नियम इथेही उपयोगी आहे : काम सुरू होण्याआधी जागेवर सेट तपासायचे, संकेतांसाठी स्वतंत्र चॅनेल ठेवायचा आणि चालकाला हात न लावता ऐकू आले पाहिजे. आवाज तुटला की ओझे जागच्या जागी थांबवायचे. शांतता म्हणजे होकार धरून हूक हलवायचा नाही.

'प्रायव्हसी कोड' लावला की बोलणे गुप्त राहते, असेही मानतात. तो कोड फक्त इतरांचा आवाज आपल्या कानावर येऊ देत नाही. आपले बोलणे कोणालाही ऐकता येते.

ऑनलाइन मिळतो म्हणजे परवान्याची गरज नाही, हाही असाच समज. भारतात २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे सेट परवान्याविना वापरता येतात, तेही उपकरणाला ईटीए ही प्रकार-मान्यता असेल तर. त्याबाहेरच्या बहुतेक पट्ट्यांवर चालणाऱ्या सेटला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. बेकायदा सेटची विक्री थांबावी म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. हा प्रश्न कागदापुरता नाही. रेल्वेचे कर्मचारी व्हीएचएफ पट्ट्यातले सेट वापरतात, आणि कुठल्याही पट्ट्यावर लावता येणारा स्वस्त सेट रुळांलगतच्या इमारतीच्या गेटवरून त्यांच्या बोलण्यात अडथळा आणू शकतो.

पावसात भिजलेला सेट पुसून लगेच चार्जरवर ठेवला तरी चालतो, ही सुरक्षा केबिनमधली नेहमीची समजूत. चार्जिंगची टोके आधी कोरडी व्हायला हवीत. हिरवी पडलेली टोके साफ करून घ्यावीत आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जरला न लावता ई-कचऱ्यात द्यावी.