बायबल रोजच्या वाचनात

ग्रंथ : कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत. जुन्या करारात ४६, नव्या करारात २७.

सुरुवात : मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत छोटे आहे. १६ अध्याय, रोज एक वाचला तरी सोळा दिवसांत पूर्ण होते.

मिस्सेची वाचने : रविवारची वाचने तीन वर्षांच्या चक्रात येतात. मत्तय, मार्क आणि लूक यांना आळीपाळीने एकेक वर्ष मिळते. शनिवारी रात्री रोझरीनंतर दुसऱ्या दिवसाचे शुभवर्तमान घरातल्या मुलाने मोठ्याने वाचावे. मग मिस्सेत तेच शब्द त्याला ओळखीचे वाटतात.

पद्धत : ‘लेक्सिओ दिविना’च्या चार पायऱ्या : वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. एक उतारा सावकाश वाचावा, मनाला भिडलेल्या ओळीवर थांबावे.

चर्चची हाक : १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्व भाविकांना बायबल वाचण्याचा आग्रह केला. २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी सामान्य काळातील तिसरा रविवार ‘देवशब्दाचा रविवार’ म्हणून जाहीर केला.

मराठीत : वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’. ते कपाटात जपून ठेवू नका, हाताशी ठेवा.