कळफलक प्रतिसाद देत नसेल तेव्हा

जुन्या डेस्कटॉप संगणकाचा कळफलक, म्हणजेच कीबोर्ड, अचानक चालेनासा झाला, तर तो लगेच बदलण्याऐवजी दोष जोडणीत आहे, कळफलकात आहे की प्रणालीत, हे आधी क्रमाने तपासणे हिताचे ठरते. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ या गोल, सहा पिनांच्या जोडणीत कळफलकाची जागा सहसा जांभळी व माउसची हिरवी असते. दोन्ही आकाराने सारख्याच असल्याने अदलाबदल सहज होते. ही जोडणी संगणक चालू असताना काढण्याघालण्यासाठी बनवलेली नसल्यामुळे संगणक पूर्ण बंद करून, एखादी पिन वाकलेली नाही ना हे पाहून, प्लग सरळ बसवावा. त्यानंतर नम लॉकची कळ दाबताच तिचा दिवा लागत-विझत असेल, तर कळफलक व संगणक यांच्यातील संवाद शाबूत आहे असे समजावे. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूलभूत आज्ञावलीत, कळा चालत असतील पण विंडोजमध्ये नसतील, तर दोष ड्रायव्हरमध्ये किंवा फिल्टर कीज या सोयीत शोधावा. उजवी शिफ्ट कळ आठ सेकंद दाबून धरल्यास ही सोय सुरू होऊ शकते आणि मग ओझरता दाब नोंदवलाच जात नाही. दुसऱ्या संगणकावरही कळफलक मुका राहिला, तरच तो बदलावा.